पेडलच्या आधी आणि पेडलच्या नंतर: घरच्या रेकॉर्डिंगमधले आभासी गिटार इफेक्ट

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये किंवा वाशी-कोपरखैरण्याच्या सिडकोच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या गिटारवादकाची पहिली अडचण संगीताची नसते, ती भिंतीची असते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर खऱ्या अर्थाने बोलू लागतो तो आवाज बराच वाढवल्यावर. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. शेजारच्या काकूंची मर्यादा बहुधा त्याहूनही खाली असते. त्यामुळे या भागात घरी बसून रेकॉर्डिंग करणारी बहुतेक मंडळी गिटारची केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल संगणकाला देणाऱ्या पेटीत लावतात, इंटरफेस लॅपटॉपला जोडतात आणि गिटारचा आवाज बदलणारे पायाखालचे पेडल पडद्यावर उघडतात.

हे आभासी पेडल दिसायला हुबेहूब असतात. रंग तोच, नॉब तेच, पाय ठेवायचे बटणही तेच. तरीही एक तक्रार सर्रास ऐकू येते: नावाजलेले पेडल लावले, प्रीसेट (नॉबची आयती मांडणी) लावला, पण आवाज किरकिरा आणि पातळच आला. मग दुसरे प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, उतरवले जाते, त्यानंतर तिसरे. माझे मत असे की दहापैकी आठ वेळा दोष पेडलमध्ये नसतो. तो पेडलच्या आधी, म्हणजे गिटारचा सिग्नल संगणकात शिरतो त्या दारात असतो, किंवा पेडलच्या नंतर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या जागी काय ठेवले आहे त्यात असतो. हे समजण्यासाठी आभासी पेडल आतून नेमके काय करते, हे आधी पाहावे लागेल.

गिटारचा आवाज मुद्दाम बिघडवण्याची सुरुवात एका खऱ्याखुऱ्या बिघाडातून झाली. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरचा एक चॅनल नादुरुस्त झाला आणि त्यातून आलेला फाटका आवाज लोकांना आवडला. तिथल्या ध्वनिमुद्रकाने तो आवाज ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून पुन्हा उभा केला आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते सर्किट ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. पुढच्या दोन दशकांत वा-वा, फेझर, कोरस, डिले अशी सगळी पेडल आली. संगणकाचा प्रवेश मात्र बऱ्याच उशिरा झाला. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने प्लगइनसाठी व्हीएसटी ही पद्धत आणली, १९९८ मध्ये लाइन सिक्सचे ‘ॲम्प फार्म’ प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू लागले, आणि त्यानंतर अँप्लिट्यूब, गिटार रिग, लॉजिक या तशाच सॉफ्टवेअरमधले पेडलबोर्ड अशी रांगच लागली. रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या एका बिघाडाची नक्कल आज रेकॉर्डिंगच्याच सॉफ्टवेअरमध्ये इतक्या निगुतीने केली जाते, ही या इतिहासातली गंमत आहे.

इंटरफेस गिटारच्या सिग्नलची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमापाचा एक आकडा संगणकाला देतो. आभासी पेडल म्हणजे या आकड्यांवर चालणारे गणित. डिलेचे गणित सोपे असते: आकडे साठवून ठेवायचे आणि ठरावीक वेळाने मूळ आवाजात मिसळायचे. कोरसमध्येही तेच घडते, फक्त साठवणीचा काळ फार थोडा असतो आणि तो सतत किंचित कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे सूर हलतो आणि एकाच गिटारच्या दोन झाल्यासारख्या वाटतात. या प्रकारांची संगणकीय नक्कल फार पूर्वीच चांगली जमली होती.

अवघड आहेत ती आवाज कमी-अधिक फाडणारी पेडल: ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ. खऱ्या पेडलमध्ये सिग्नल आधी खूप वाढवला जातो आणि मग डायोड त्याचे शेंडे कापतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला वाहू लागतो, जर्मेनियमचा सुमारे ०.३ व्होल्टला, म्हणून जर्मेनियमच्या सर्किटमध्ये कापणी लवकर सुरू होते आणि तिची कडा गोलसर असते. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये हे डायोड ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकच्या वाटेवर बसवलेले असतात, त्यामुळे शेंडा हळुवार दाबला जातो. बॉसच्या डीएस-१ मध्ये ते सिग्नलला थेट ग्राउंडकडे वळवतात, त्यामुळे शेंडा धारेने छाटला जातो. ट्यूब स्क्रीमरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. साधारण ७२० हर्ट्झच्या खाली जावे तसतसा सिग्नल कापणीच्या टप्प्यात कमी वाढवला जातो, आणि त्या पेडलचा जो मध्यभागी फुगलेला, खालून आवळलेला आवाज प्रसिद्ध आहे तो याचा परिणाम आहे. या पेडलचा ड्राइव्ह (आवाज फाडण्याचा नॉब) जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल (बाहेर जाणाऱ्या आवाजाचा नॉब) पूर्ण वर ठेवून ते जड गेनच्या, म्हणजे सिग्नल खूप वाढवणाऱ्या, ॲम्पच्या आधी लावण्याची रीत याचमुळे रुजली: तिथे ते आवाज फाडण्यासाठी नसते, खर्जातला चिखल ॲम्पमध्ये शिरण्याआधी गाळण्यासाठी असते. आभासी जोडणीतही ही युक्ती तितकीच चालते, आणि भारी मेटलचा आवाज हवा असणाऱ्यांनी नवे प्लगइन घेण्याआधी ती करून पाहावी.

अशा सर्किटची नक्कल करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एका मार्गात प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर आणि डायोडची समीकरणे मांडून ती प्रत्येक नमुन्यासाठी, म्हणजे सिग्नलच्या प्रत्येक मोजमापासाठी, सोडवली जातात. त्यात पडद्यावरचा नॉब फिरवला की समीकरणातली ती किंमत बदलते. दुसऱ्या मार्गात सर्किटच्या आत डोकावतच नाहीत. पेडलमधून एक ठरावीक रेकॉर्डिंग पाठवायचे, बाहेर आलेले रेकॉर्ड करायचे, आणि दोन्हींमधला संबंध न्यूरल नेटवर्कला शिकवायचा. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर या दुसऱ्या वाटेने जाते. त्यातल्या ‘कॅप्चर’ बहुधा एकाच सेटिंगच्या असतात, म्हणजे नॉब जसे होते तसा त्या क्षणाचा आवाज मिळतो, पण नॉब फिरवण्याची मुभा मिळत नाही. कोणता मार्ग श्रेष्ठ यावर वादविवाद रंगतात. घरच्या रेकॉर्डिंगसाठी दोन्ही पुरेसे चांगले आहेत, असे म्हणून मी तो वाद इथेच सोडतो.

डिजिटल डिस्टॉर्शनचा एक दोष मात्र कानाला ओळखता यायला हवा. कापणी केली की मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. ५,००० हर्ट्झच्या घटकातून सातव्या पटीला ३५,००० हर्ट्झ निघते. ४४,१०० च्या मोजणीत २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही, आणि न मावणारा सूर नाहीसा होण्याऐवजी दुमडून खाली येतो: ३५,००० चे ९,१०० होते. ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा मध्येच उलटा फिरताना दिसतो, त्यातलाच हा प्रकार. ९,१०० हर्ट्झचा हा सूर वाजवलेल्या स्वराशी कोणतेही नाते सांगत नाही, म्हणून उंच पट्ट्यांवर सूर ओढला की पाठीमागे बेसूर कुजबुज ऐकू येते. यावर उपाय म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे पेडलचे गणित मोजणीचा वेग काही पट वाढवून करणे. प्लगइनमध्ये ते चौपट किंवा आठपट करण्याची सोय असेल तर अंतिम मिक्स काढताना ती वापरावी आणि वाजवताना कमी ठेवावी, कारण त्यात प्रोसेसर बराच खर्ची पडतो.

आता सिग्नल शिरतो त्या दाराकडे वळू. इंटरफेसवर पाव इंची जॅकसाठी दोन प्रकारचे इनपुट असतात, किंवा एकाच इनपुटवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे बटण असते. गिटारचे पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या हजारो वेढ्यांची तार. त्यातून येणारा प्रवाह इतका दुबळा असतो की समोरच्या इनपुटने थोडा जास्त ओढला तरी वरच्या पट्टीतला तजेला जातो. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा रोध साधारण १० लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम असतो. लाइन इनपुटचा त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. बटण चुकून लाइनवर राहिले तर गिटार घोंगडीखालून वाजल्यागत बुजते, आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवला तरी गेलेला भाग नीट परत येत नाही. ज्यांच्या अकूस्टिक गिटारच्या ब्रिजखाली पिएझो पिकअप आहे आणि सोबत प्रीॲम्प नाही, त्यांना तर एक मेगाओहमही कमी पडतो.

याच दाराशी संबंधित एक बारकावा फझच्या बाबतीत आहे. फझ फेस या प्रसिद्ध पेडलच्या खऱ्या रूपाचा इनपुट रोध फार कमी असतो, त्यामुळे ते गिटारच्या पिकअपशी आणि व्हॉल्यूमच्या नॉबशी थेट झोंबते. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की फाटका आवाज लख्ख होतो, आणि त्या पेडलचे चाहते त्याच गुणावर जीव टाकतात. संगणकात गिटार आणि आभासी फझ यांच्यामध्ये इंटरफेस उभा असतो. पिकअपला समोर दिसतो तो एक मेगाओहम, फझ नाही. काही महाग इंटरफेस इनपुटचा रोध खरोखर बदलतात, काही प्लगइन हा परिणाम गणिताने साधण्याचा प्रयत्न करतात. पण आपले आभासी फझ व्हॉल्यूम कमी केल्यावर साफ होत नसेल, तर बोटांना दोष देण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

दारातला सर्वांत मोठा घोटाळा पातळीचा असतो. खऱ्या डिस्टॉर्शन पेडलला व्होल्ट कळतात. प्लगइनला फक्त आकडे कळतात, आणि तो आकडा किती व्होल्टचा आहे हे इंटरफेसच्या गेनच्या नॉबवर ठरते. तेच प्लगइन, तोच प्रीसेट, पण एकाने गेनचा नॉब घड्याळातल्या नऊच्या दिशेला ठेवला आणि दुसऱ्याने तीनच्या, तर दोघांना दोन वेगळी पेडल ऐकू येतील. पहिल्याला वाटेल की पेडलमध्ये दम नाही. दुसऱ्याला वाटेल की सगळेच चिरकते आहे. टेपच्या काळापासून ‘सिग्नल जितका गरम तितका चांगला’ ही शिकवण चालत आली आहे, पण २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक बिटला सुमारे ६ डेसिबल धरले तर कागदावर १४४ डेसिबलचा अवकाश मिळतो, त्यामुळे मीटर लालच्या काठावर नेण्याचे काही कारण उरत नाही. सर्वांत जोरात वाजवले तेव्हा मीटरचा शेंडा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन लावावा, आणि मग प्लगइनचा स्वतःचा इनपुट नॉब कमी-जास्त करून पेडल कुठे जागे होते ते ऐकावे. इंटरफेसमध्येच क्लिपिंग झाले, म्हणजे सिग्नलचे शेंडे कापले गेले, तर ते कोणत्याही पेडलने सुधारत नाही. काही निर्माते इंटरफेसचा गेन अगदी खाली ठेवायला सांगतात, कारण त्यांनी आपले गणित त्या पातळीला जुळवलेले असते. अशा प्लगइनच्या माहितीपत्रकातली ती एक ओळ वाचणे हे पन्नास प्रीसेट चाळण्यापेक्षा जास्त फायद्याचे ठरते.

हमचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने सतावतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारमध्ये ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असेल तर तिच्यावर कर्कश झिणझिणही चढते. ड्राइव्हचे पेडल सिग्नल शेकडो पटींनी वाढवते, तेव्हा ही कुरकुरही तितकीच वाढते. शोध घ्यायचा तर असा घ्यावा: सगळी पेडल बायपास करून फक्त गिटार चालू ठेवावी, आधी पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करावा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर यावे, मग खुर्चीसकट नव्वद अंशांत फिरावे. चार्जर काढताच आवाज थांबला, किंवा तारांना हात लावताच थांबतो असे दिसले, तर गाठ अर्थिंगशी आहे. दोन पिनच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपला आणि जुन्या इमारतीतल्या नावापुरत्या तिसऱ्या भोकाला हा त्रास नेहमीचा आहे, आणि तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावणे हाच खरा उपाय. नुसते फिरल्यावर कमी होत असेल तर पिकअप आसपासच्या क्षेत्रातून हम पकडत आहे. आभासी नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे पेडल) या सगळ्यानंतर लावावा, आणि तो ड्राइव्हच्या आधी ठेवावा, कारण तिथे स्वर आणि शांतता यांच्यातला फरक स्वच्छ असतो. डिस्टॉर्शनने दोन्ही एकाच उंचीवर आणून ठेवल्यावर गेटला काय कापावे हे कळत नाही, आणि तो लांबवलेल्या सुराची शेपटी छाटून टाकतो.

वाजवणे आणि ऐकणे यांच्यात पडणाऱ्या अंतराला लेटन्सी म्हणतात. संगणक आकडे एकेक करून हाताळत नाही, त्यांचे गठ्ठे करतो, आणि गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४४,१०० च्या वेगाला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, तो आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा लागतो, त्यात इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळवला की प्रत्यक्षात आठ-दहा मिलिसेकंद होतात. ध्वनी हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे हे अंतर ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहून वाजवण्याइतकेच आहे आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. बफर १,०२४ वर गेला की एकेरी वाटेलाच २३ मिलिसेकंद लागतात आणि हात लय सोडू लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवावा, मिक्स करताना वाढवावा. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ (लेटन्सी कमी ठेवणारा) ड्रायव्हर वापरावा, आणि ब्लूटूथचे हेडफोन या कामापुरते बाजूला ठेवावेत, कारण त्यांची लेटन्सी सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाते. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण असते, ते चालू राहिले तर कोरी गिटार आधी आणि पेडलमधली गिटार मागून अशी दोनदा ऐकू येते, आभासी पेडल वाजवताना ते बंद असावे.

पेडल कोणत्या क्रमाने लावावीत, हा प्रश्न बहुतेकांना चवीचा वाटतो, पण त्यामागे ठोस कारण आहे. डिस्टॉर्शन हे असे गणित आहे की त्यात दोन सूर एकत्र घातले तर त्यांची बेरीज बाहेर येत नाही, त्यांच्यापासून तिसरे आणि चौथे सूर जन्म घेतात. जाड दोन तारांवर ई आणि बी धरून पॉवर कॉर्ड वाजवली तर ८२.४ आणि १२३.५ हर्ट्झ असतात. डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्यातला फरक ४१ हर्ट्झचा सूर म्हणून उमटतो, आणि तो त्याच ई चा खालच्या सप्तकातला भाऊ असतो. पॉवर कॉर्ड इतकी भरदार लागते ती याच बळावर. याच कॉर्डमध्ये गंधार मिळवला की गणित बिघडते, कारण गिटारच्या पट्ट्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक पाच-चाराच्या प्रमाणापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि त्यातून निघणारा फरकाचा सूर कोणत्याच स्वरावर बसत नाही. ज्यांचे कान तानपुऱ्यावर तयार झाले आहेत त्यांना भरपूर ड्राइव्हमधली पूर्ण मेजर कॉर्ड खटकते, आणि त्यांचे खटकणे भौतिकशास्त्राला धरून आहे.

क्रमाचा नियम यातूनच निघतो. ड्राइव्हच्या आधी जे काही ठेवाल ते ठरवते की कशाची मोडतोड व्हायची. नंतर जे ठेवाल ते ठरवते की मोडतोड झालेल्या आवाजाचे काय करायचे. वा-वा ड्राइव्हच्या आधी असली की ती ज्या पट्टीला उचलते तीच पट्टी जास्त फाटते. डिले ड्राइव्हच्या आधी ठेवला तर पडसाद आणि नवा स्वर एकमेकांत मिसळून एकत्र फाटतात आणि गिचमिड होते. तोच नंतर ठेवला तर प्रत्येक पडसाद वेगळा ऐकू येतो. म्हणून सर्वसाधारण साखळी कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), वा-वा, ड्राइव्ह, कोरस किंवा फेझर, डिले आणि शेवटी रिव्हर्ब अशी धरली जाते. पडद्यावर पेडल उचलून इकडून तिकडे ठेवायला एक क्षणही लागत नाही, त्यामुळे नियम मोडून पाहण्यातही काही जात नाही. केबल, अडॅप्टर आणि पावसाळ्यात दमट हवेने खरखरणारे नॉब सांभाळणाऱ्यांना ही चैन कधी मिळाली नाही. लॉजिकच्या पेडलबोर्डमध्ये सिग्नल दोन वाटांनी फोडून पुढे मिक्सरने पुन्हा जोडताही येतो: एका वाटेवर कोरी गिटार, दुसरीवर फझ, आणि दोन्ही हव्या त्या प्रमाणात.

आता पेडलच्या नंतरची बाजू. सुरुवातीला सांगितलेल्या किरकिऱ्या आवाजाचे सर्वांत मोठे कारण इथे आहे. डिस्टॉर्शन पेडल कधीच एकटे ऐकण्यासाठी बनवलेले नव्हते; त्याच्या पुढे ॲम्प आणि ॲम्पच्या पुढे बारा इंची स्पीकर असतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो आणि कापणीतून निघालेली सगळी कचकच तिथेच अडते. हेडफोन मात्र २०,००० हर्ट्झपर्यंत सगळे प्रामाणिकपणे ऐकवतात. नुसते आभासी पेडल लावून हेडफोन घातले तर जे ऐकू येते ते पेडलचा दोष नसून स्पीकरची अनुपस्थिती असते. त्यासाठी साखळीच्या शेवटी आभासी कॅबिनेट (स्पीकरची पेटी) किंवा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) लावतात. आयआर म्हणजे एखाद्या स्पीकरला माइकने ऐकून घेतलेली, सेकंदाच्या अंशाएवढी छोटी ध्वनिफाइल, जिच्यातून त्या स्पीकरचा, त्या माइकचा आणि माइकच्या जागेचा संपूर्ण रंग आपल्या सिग्नलवर चढवता येतो. शूर एसएम५७ हा माइक स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज चकचकीत येतो आणि कडेकडे सरकवला तर मऊ होत जातो. आयआरच्या संचात अशा जागा वेगवेगळ्या फाइलींत दिलेल्या असतात. ड्राइव्ह तसाच ठेवून एकामागून एक पाच आयआर बदलून ऐकल्या, तर पेडल बदलण्यापेक्षा मोठा फरक ऐकू येतो. उलट चूकही होते: ॲम्पच्या प्लगइनमध्ये कॅबिनेट आधीच चालू असते आणि त्यापुढे वेगळी आयआर लावली जाते. दोन कॅबिनेट एकापुढे एक आली की गिटार शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी वाटते.

डिलेच्या बाबतीत सॉफ्टवेअरचा मोठा फायदा म्हणजे तो लयीला बांधता येतो. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ९० च्या लयीत ते ६६७ होतात, आणि त्याचे पाऊण, म्हणजे ५०० मिलिसेकंद, हा पॉप-रॉकमधला लाडका ‘डॉटेड एट्थ’. आपल्या गाण्यांत मात्र हा डोळे झाकून लावू नये. दादऱ्यातले गाणे सहा-आठमध्ये मांडले असेल आणि एक मात्रा, म्हणजे एक एट्थ, २५० मिलिसेकंदांची असेल, तर डॉटेड एट्थ म्हणजे दीड मात्रा झाली, आणि सहा मात्रांच्या आवर्तनात चार पडसाद पडू लागले. तबल्याच्या तीन-तीनच्या वजनावर ही चारची आडलय येते; हवी असेल तर सुरेख, नको असेल तर गायक बिचकतो. तीन मात्रांचा पडसाद हवा असेल तर ‘डॉटेड क्वार्टर’ निवडावे लागते. डिलेचा फीडबॅक, म्हणजे पडसाद किती वेळा परत यायचे ते, थोडा ठेवावा आणि पडसादांतला ट्रेबल कापावा, म्हणजे ते शब्दांच्या आड येत नाहीत.

पायाची कामे माऊसने होत नाहीत, हे मान्य करावे. वा-वा माऊसने फिरवण्यापेक्षा यूएसबीचे एक्स्प्रेशन पेडल जोडावे, किंवा वाजवण्याच्या जोराला प्रतिसाद देणारी ऑटो-वा वापरावी. ध्रुवपदाला ड्राइव्ह चालू आणि अंतऱ्याला बंद, एवढेच हवे असेल तर ऑटोमेशनची रेघ, म्हणजे सॉफ्टवेअरने ठरल्या वेळी बटण आपोआप दाबण्याची सोय, पुरते.

आभासी पेडलचा खरा लाभ मला आवाजाच्या नकलेत वाटत नाही, तो निर्णय पुढे ढकलता येण्यात वाटतो. ट्रॅकवर पेडल लावून वाजवले तरी रेकॉर्ड होते ती कोरी गिटारच. पेडल फक्त ऐकताना वर चढते. त्यामुळे रात्री अकराला हेडफोनमध्ये भारी वाटलेला ड्राइव्ह सकाळी जास्त वाटला तर नुसता नॉब मागे घ्यायचा, पुन्हा वाजवायचे नाही. यात एक धोका आहे: निर्णय कायमच पुढे जात राहतो आणि गाणे पुरे होत नाही. शिवाय ड्राइव्ह वाढवला की बोटे वेगळी वाजतात, म्हणून अगदी कोऱ्या आवाजावर वाजवून नंतर जड डिस्टॉर्शन चढवणे क्वचितच जमते. अंतिम आवाजाच्या जवळपासचे काहीतरी लावूनच वाजवावे. डावी-उजवीकडे रुंद गिटार हवी असेल तर तोच भाग खरोखर दोनदा वाजवावा. एकाच टेकची प्रत काढून दोन्ही बाजूंना ठेवली तर दोन्ही कानांना तेच मिळते आणि आवाज मधोमध, फक्त थोडा मोठा होतो.

गाणे मिक्ससाठी दुसऱ्या कोणाकडे द्यायचे असेल, तर प्रत्येक गिटारच्या दोन फाइली द्याव्यात: एक पेडलसकट छापलेली, जिच्यामुळे आपल्या मनात काय होते ते त्यांना कळेल, आणि एक पूर्ण कोरी, गेट आणि कॉम्प्रेसरही न लावलेली. दोन्ही गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू झालेल्या, मूळ सॅम्पल रेटच्या, २४ बिटच्या वेव्ह फाइली असाव्यात, आणि फाइलच्या नावातच गाण्याची लय लिहिलेली असावी, कारण डिले त्यांना पुन्हा लावावा लागला तर पहिला प्रश्न तोच असतो.